मापात पाप: बफर केवढा आणि आलं किती



आजचा विषय थोडा रुक्ष आहे, हे आधीच सांगून टाकतो. सॉकेटवरून डेटा घेताना आपण ठेवलेला बफर केवढा आणि प्रत्यक्षात आलेला डेटा किती, हे दोन वेगळे आकडे आहेत. बस्स, एवढाच विषय. आपल्यातले सॉफ्टवेअरवाले म्हणतील, हे तर कॉलेजात शिकलो. बाकीचे म्हणतील, आम्हाला काय करायचंय. दोघांनाही विनंती, जरा थांबा.

हमरिया फ्री झोनमध्ये गेली बरीच वर्षं मी कारखान्यांतली यंत्रं एकमेकांशी बोलती करण्याचं काम करतोय. पीएलसी, वजनकाटे, फ्लोमीटर आणि त्यांच्याकडून आकडे गोळा करणारी सॉफ्टवेअर्स. इतक्या वर्षांनंतर माझं ठाम मत झालंय की या दोन आकड्यांची गल्लत ही 'प्रोग्रॅमरची बारीकशी चूक' म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. आपल्याकडे 'मापात पाप' म्हणतात ना, त्यातलाच हा प्रकार आहे. फक्त इथे पाप करणाऱ्याला आपण ते करतोय याची खबरही नसते, आणि भरपाई मात्र तिसराच कोणीतरी करतो.

आधी साध्या भाषेत सांगतो. प्रोग्रॅमला नेटवर्कवरून काही वाचायचं असतं तेव्हा तो मेमरीतलं एक भांडं पुढे करतो. हा बफर. ऑपरेटिंग सिस्टिमला तो सांगतो, 'यात जास्तीत जास्त १०२४ बाइट ओत.' सिस्टिम जेवढं आलं असेल तेवढं ओतते आणि किती ओतलं तो आकडा परत देते. तो १०२४ असेल, १२ असेल, नाहीतर ४ असेल. शून्य आला तर समजायचं की समोरच्याने दुकान बंद केलं, आणि उणे आला तर काहीतरी बिघडलंय. परत आलेला हा आकडा हीच आपली पावती. पातेलं पाच लिटरचं आहे म्हणून गवळी पाच लिटर दूध घालत नाही, हे आपल्या आजीला पक्कं ठाऊक होतं. पातेलं विसळलं नसेल तर तळाशी कालचं दूध असतं, हेही ठाऊक होतं.

यात तिसराही एक आकडा असतो. पुष्कळदा पाठवणारा निरोपाच्या सुरुवातीलाच लिहून देतो की माझा निरोप अमुक इतक्या बाइटचा आहे. म्हणजे एक भांड्याचा आकार, दुसरा समोरच्याचा दावा आणि तिसरा प्रत्यक्ष हातात पडलेला माल. यातल्या मोजून घेतलेल्या मालावरच हिशेब व्हायला हवा. बाकीचे दोन त्याच्याशी ताडून बघायचे.

आणि टीसीपीबद्दल एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. टीसीपी म्हणजे नळ आहे, पोस्टाची पाकिटं नव्हेत. पाठवलेले बाइट क्रमाने येतील, मधले गळणार नाहीत, एवढीच त्याची हमी. एका दमात पाठवलेलं एका दमात येईल, अशी हमी त्याने कधीच दिलेली नाही. एका निरोपाचे दोन तुकडे होऊ शकतात, आणि दोन निरोप चिकटून एकत्रही येऊ शकतात. यूडीपीत निरोपाच्या सीमा टिकतात, पण तिथे भांडं लहान पडलं तर उरलेला भाग सरळ टाकून दिला जातो.

आता हे कुठे चावतं ते सांगतो. ज्यांनी हमरिया पाहिलं नाही त्यांच्यासाठी: शारजा अमिरातीचा हा भाग अजमान ओलांडल्यावर, उम्म अल कुवेनच्या अलीकडे समुद्राला लागून आहे. १९९५ साली फ्री झोन स्थापन झाला, स्वतःचं १४ मीटर खोल बंदर आहे. लोखंड, भंगार, तेल, लाकूड, बांधकामाचं सामान असा सगळा अवजड धंदा. फाटकातून आत-बाहेर जाणारा बराचसा माल वजनावर खरेदी-विक्री होतो. त्यामुळे ट्रकचा वजनकाटा म्हणजे इथली खरी तिजोरी.

एका कारखान्यात (नाव महत्त्वाचं नाही) भंगाराचे ट्रक यायचे. भरलेल्या ट्रकचं वजन, मग रिकाम्या ट्रकचं वजन, वजाबाकी म्हणजे माल. काट्याच्या इंडिकेटरमधून आकडा सिरियल केबलने एका कन्व्हर्टरमध्ये, तिथून इथरनेटने ऑफिसातल्या पीसीवर. ऑपरेटरने बटण दाबलं की इंडिकेटर १२ बाइटची एक ओळ पाठवतो: अधिकचं चिन्ह, सहा अंक, एक मोकळी जागा, किलोची दोन अक्षरं आणि ओळ संपल्याच्या दोन खुणा.

मधूनच एखाद्या ट्रकचा माल शे-सव्वाशे किलो कमी भरायला लागला. रोज नाही, पंधरवड्यातून एखाद्या वेळी. संशय अर्थातच ड्रायव्हरवर. वाटेत माल उतरवून विकला असणार! तो बिचारा दुसऱ्या काट्यावरची पावती दाखवत होता, पण कॉम्प्युटरच्या छापील पावतीपुढे त्याचं कोण ऐकणार? वाहतूकदाराने त्या महिन्याचा त्याचा पगार रोखून धरला. कारखान्यात कोणी म्हणालं काट्याखाली दगड अडकलाय, कोणी म्हणालं उन्हाने कन्व्हर्टर तापतो. काटा दोनदा तपासून झाला, वजनं ठेवून पाहिली, इंडिकेटरवर आकडा अगदी बरोबर.

शेवटी आम्ही वायरशार्क लावून काही दिवस तारेवरचे सगळे बाइट साठवले आणि एकेक पावतीशी ताडून पाहिले. तेव्हा कळलं. आधीच्या वाचनात एक भरलेला ट्रक होता, ४८,३६० किलो, म्हणजे बफरमध्ये '+०४८३६०' ही ओळ बसलेली. पुढचं वाचन रिकाम्या ट्रकचं. त्याचं खरं वजन १५,२४०, म्हणजे '+०१५२४०' यायला हवं. पण कन्व्हर्टरने पहिली चारच अक्षरं पुढे सरकवली, '+०१५'. वाचन तिथेच परतलं, 'चार बाइट मिळाले' असं सांगून. प्रोग्रॅमने तो चारचा आकडा पाहिलाच नाही. बाराच्या बारा जागा वाचल्या, आणि पुढच्या आठ जागांत आधीच्या ट्रकचं '३६०' आणि बाकीचं शेपूट तसंच होतं. झालं, वजन १५,३६० किलो! मागाहून आलेल्या तुकड्यात सुरुवातीला अधिकचं चिन्ह नव्हतं, म्हणून प्रोग्रॅमने तो गुपचूप फेकून दिला.

रिकामा ट्रक १२० किलोने जड ठरला, म्हणून माल १२० किलोने कमी ठरला. यात सगळ्यात वाईट काय असेल तर हा आकडा दिसायला अगदी सभ्य आहे. रिकाम्या ट्रकला शोभेलसा. काहीतरी अगम्य छापून आलं असतं तर ऑपरेटरने पहिल्याच दिवशी बोंब मारली असती. पहिले अंक खरे आणि शेवटचे दुसऱ्याच ट्रकचे, याचा संशय कोणाला येणार?

सॉफ्टवेअर पुण्याच्या एका छोट्या कंपनीचं होतं. फोनवर एक तरुण पोरगा होता. त्याच्याशी झालेलं बोलणं साधारण असं:

"सर, आमच्याकडे दोन हजार वेळा टेस्ट केलंय. एकदाही फेल नाही."

"अरे, रीड किती बाइट परत देतंय ते बघतोस का?"

"बघायचं काय सर? बफर बाराचाच आहे, ओळ बाराचीच आहे."

"आणि चारच आले तर?"

थोडा वेळ शांतता. मग, "सर, असं होऊ शकतं?"

पोरगा हुशार होता. त्याच संध्याकाळी त्याने दुरुस्ती पाठवली, आणि मला त्याचा राग नाही. त्याची चाचणी खोटी नव्हती, ती वेगळ्याच गोष्टीची चाचणी होती. एकाच पीसीवर नकली काट्याचा प्रोग्रॅम चालवला की १२ बाइट एका दमात निघतात आणि एका दमातच पोचतात. इथरनेटच्या एका पॅकेटमध्ये टीसीपीचा सुमारे १४६० बाइटचा माल मावतो, तिथे बाराची काय कथा. पण साइटवर मध्ये सिरियल केबल आहे. ९६०० बॉडला एकेक अक्षर यायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे अख्खी ओळ यायला बारा-तेरा मिलिसेकंद. त्यातली किती अक्षरं गोळा करून पुढे ढकलायची हे कन्व्हर्टर आपल्या सेटिंगप्रमाणे ठरवतो. पुण्यातल्या टेबलावर हा प्रकार घडणारच नाही. ड्रायव्हरचा हिशेब नंतर पुन्हा झाला आणि पैसे मिळाले. माफी मात्र कोणी मागितली नाही.

आता या दुखण्यावर जे घरगुती उपाय सुचवले जातात त्यांच्याबद्दल.

पहिला, 'बफर मोठा करा.' हा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात निरुपयोगी. भांडं मोठं केलं की जास्त येत नाही, शिळं साठायला जागा मात्र जास्त होते.

दुसरा, 'वाचण्याआधी २०० मिलिसेकंद थांबा.' याला मी पूर्ण वाईट म्हणणार नाही. रात्री दोन वाजता प्लँट बंद आहे, मॅनेजर डोक्यावर उभा आहे, तेव्हा माणूस हेच करणार, आणि बहुतेक वेळा ते चालतंही. पण याने दोष जात नाही, फक्त क्वचित येतो. रोज येणारा दोष आठवड्यात सापडतो. तीन महिन्यांतून एकदा येणारा दोष ड्रायव्हरच्या नावावर जमा होतो.

तिसरा, 'दरवेळी बफर पुसून घ्या.' बरा उपाय, पण अर्धा. आमच्या उदाहरणात मग '+०१५' एवढंच उरलं असतं आणि ट्रक १५ किलोचा ठरला असता. निदान कोणाच्या तरी डोळ्यांत आलं असतं, हे खरं.

चौथा, 'सी सोडा, नवी भाषा घ्या.' नव्या भाषांत भांड्याबाहेर सांडणं थांबतं, हा मोठाच फायदा आहे. पायथनमध्ये तर जेवढे बाइट आले तेवढेच हातात मिळतात, शिळ्याचा प्रश्नच नाही. पण निरोप अर्धा आला की पूर्ण, हे कुठलीच भाषा आपल्या वतीने ठरवत नाही. जावा आणि सी-शार्पमध्ये आलेली लांबी न बघता अख्ख्या बफरची स्ट्रिंग करणारा नमुना-कोड वर्षानुवर्षं इंटरनेटवर फिरतोय, आणि पोरं तोच उचलतात. हल्ली एआयकडून कोड लिहून घेतात, त्याचाही अभ्यास अशाच नमुन्यांवर झालेला असणार. तेव्हा तिथेही तपासणी आपलीच.

कोणी म्हणेल, ही छोट्या कंपन्यांची रड आहे, मोठे लोक अशा चुका करत नाहीत. मोठ्यांची यादीच देतो.

नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म नावाचा प्रोग्रॅम तेव्हाच्या छोट्याशा इंटरनेटवर पसरला. त्याची एक वाट अशी होती: फिंगर सेवेच्या सर्व्हरमध्ये ५१२ बाइटचं भांडं होतं आणि किती ओतलं जातंय हे कोणी मोजत नव्हतं. वर्मने ५३६ बाइट ओतले. सांडलेल्या भागाने प्रोग्रॅमचा ताबा घेतला.

२५ जानेवारी २००३ ला एसक्यूएल स्लॅमर आला. यूडीपीचं एकच पॅकेट, त्यात ३७६ बाइटचा वर्म. दोष तोच, आलेला मजकूर भांड्यात मावतो का हे न बघता तो उतरवून घेणं. सुमारे दहा मिनिटांत जगभरचे बहुतेक उघडे सर्व्हर त्याने गाठले. दुरुस्ती आधीच्या वर्षीच्या जुलैपासून उपलब्ध होती, ती लावायची राहिली होती.

आणि मग ७ एप्रिल २०१४ ला जाहीर झालेला हार्टब्लीड. हा मला सगळ्यात बोलका वाटतो. ओपनएसएसएलमध्ये 'जिवंत आहेस का' असं विचारायची सोय होती. विचारणारा थोडा मजकूर पाठवतो, त्याची लांबी सांगतो आणि सर्व्हर तोच मजकूर परत पाठवतो. कोणी एकच बाइट पाठवला आणि लांबी ६५,५३५ सांगितली, तर सर्व्हर बिनतक्रार शेजारच्या मेमरीतला मजकूर भरून जवळजवळ ६४ केबीचं उत्तर द्यायचा. त्यात पासवर्ड असोत, गुप्त किल्ल्या असोत. मार्च २०१२ पासून, म्हणजे दोन वर्षं, हे चालू होतं. कॅनडाच्या करखात्यातून सुमारे ९०० लोकांचे सोशल इन्शुरन्स नंबर चोरीला गेले. दुरुस्तीचं सार एवढंच, की सांगितलेली लांबी खरोखर आलेल्या रेकॉर्डमध्ये बसते का ते बघ, बसत नसेल तर फेकून दे.

बघा, पहिल्या दोन ठिकाणी आलेला माल भांड्यापेक्षा जास्त होता. हार्टब्लीडमध्ये दावा मालापेक्षा जास्त होता. आमच्या काट्यावर माल भांड्यापेक्षा कमी होता. तिन्हीकडे प्रत्यक्ष आलेल्या मालाचा आकडा कोणी विचारला नाही.

मग बरोबर पद्धत कुठली? कारखान्यांत सर्रास चालणाऱ्या मॉडबस टीसीपीचं उदाहरण घ्या. प्रत्येक निरोपाच्या डोक्यावर ७ बाइटचा मथळा असतो. त्यातल्या पहिल्या सहा बाइटमध्ये, शेवटी, पुढे किती बाइट आहेत ते लिहिलेलं असतं. तेव्हा सहा बाइट पूर्ण हातात येईपर्यंत वाचत राहायचं, मग लांबी बघायची. अख्खा निरोप २६० बाइटपेक्षा मोठा असूच शकत नाही, म्हणजे ही लांबी २५४ च्या वर दिसली की जोडणी तोडायची, वाद घालायचा नाही. योग्य असेल तर तितके बाइट मोजून मिळेपर्यंत वाचायचं. ठराविक वेळात आले नाहीत तर 'वाचन अपुरं' असं स्पष्ट जाहीर करायचं, अंदाजाने आकडा छापायचा नाही. जादा आलेले बाइट पुढच्या निरोपासाठी जपून ठेवायचे. काट्यासारख्या ओळीच्या भाषेत लांबीऐवजी ओळ संपल्याची खूण शोधायची, बाकी सगळं तेच. हे सगळं वीस-पंचवीस ओळींचं काम आहे.

आता माझा खरा मुद्दा. या वीस-पंचवीस ओळी लिहिल्या जात नाहीत याचं खापर आपण लिहिणाऱ्यावर फोडतो. पण साइटवर स्वीकृतीच्या कागदावर सही कोण करतं? आपणच, या गटातले कितीतरी जण. आपण काय तपासतो? आकडा आला, पावती छापली, 'चालतंय ना? मग करा सही.' नीट चालताना नीट चालतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. महाराष्ट्रात ऊसवाल्या शेतकऱ्यांची काटामारीची तक्रार आपण लहानपणापासून ऐकत आलोय. तिथला संशय काट्यावर आणि कारखानदाराच्या नियतीवर असतो. पण नियत साफ असली तरी काटा आणि पावती यांच्यामध्ये आता सॉफ्टवेअर बसलंय. चाचणीची वजनं ठेवून काटा तपासला तर हा दोष सापडणं कठीण, कारण काटा खरंच बोलत असतो.

म्हणून मी आता कुठल्याही स्वीकृती चाचणीत पाच गोष्टी लेखी मागतो:

१. निरोप एकेक बाइट करून, मध्ये थांबत पाठवा. आकडा बरोबर यायला हवा.
२. दोन निरोप चिकटवून पाठवा. दोन्ही वेगळे ओळखता यायला हवेत.
३. अर्धा निरोप पाठवून गप्प बसा. सॉफ्टवेअरने चूक दाखवावी, जुना आकडा दाखवू नये.
४. लांबीचा खोटा दावा करा, कमी आणि जास्त, दोन्ही. निरोप नाकारला गेला पाहिजे.
५. तारेवर आलेले मूळ बाइट वेळेसकट साठवा, आणि प्रत्येक पावतीचा त्यांच्याशी मेळ घालता आला पाहिजे.

पहिल्या चार चाचण्यांना अर्धा दिवस पुरतो. पुरवठादार कुरकुरतात, 'सर, असं प्रत्यक्षात कुठे होतं?' म्हणतात. होतं, आणि कसं होतं ते वर सांगितलंच आहे. पाचवी अट कधीही सोडू नका. वाद झाला तर गरीब माणसाच्या बाजूने बोलणारा तो एकच साक्षीदार असतो. त्या ड्रायव्हरचे पैसे आमच्या हुशारीने परत मिळाले नाहीत, साठवलेल्या बाइटांमुळे मिळाले.

काही जणांना हे अति वाटेल. १२० किलो भंगार म्हणजे कारखान्याच्या उलाढालीत पासंगालाही पुरणार नाही, मान्य. पण कारखान्याचा पासंग आणि ड्रायव्हरचा पगार एकाच तागडीत कसे तोलायचे? दर महिन्याला घरी पैसे पाठवणाऱ्या माणसाचा एक महिना अडकला तर तिकडे काय होतं, हे आखातात राहिलेल्या कोणालाही वेगळं सांगायला नको.

असो. लांबलं बरंच. पुढच्या वेळी असं काही स्वीकारायची वेळ आली तर समोरच्या पोराला शांतपणे एवढंच म्हणा: "रीडने परत दिलेला आकडा तू कुठे वापरलायस, ती ओळ दाखव बघू." ओळ दाखवली तर पुढची चाचणी. नाही दाखवता आली तर पेन खिशातच राहू द्या.

कळावे,
आपला हमरियाकर